काळ्या पाठीचा जिताडा

"आज दुर्बीण आधी मी धरणार. काल तू धरलेलीस," असं म्हणत सगुणेने बिट्रिसच्या हातातली पितळी नळी काढूनच घेतली.

"धर बाई! पण तुझ्या खुणेवर ठेवलीस की मला नुसतं धुकं दिसतं," बिट्रिस म्हणाली.

हे भांडण रोजचंच होतं. बिट्रिसच्या आजोबांची ती जुनी दुर्बीण नळीत नळी सरकवून जुळवावी लागे. बिट्रिसच्या डोळ्याला नळी आत ढकलावी लागायची, तर सगुणेच्या डोळ्याला चांगली दोन बोटं बाहेर ओढावी लागायची. दर वेळी शोधत बसायला नको म्हणून सगुणेने बाभळीच्या काट्याने पितळेवर एक बारीक रेघ ओरखडली होती. ते पाहून आजोबा रागावतील असं वाटलेलं, पण ते नुसते हसले. म्हणाले, आता ही दुर्बीण दोघींची झाली.

ही गोष्ट आहे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची. आगगाडी तेव्हा कल्याणवरून पार घाट चढून गेली होती, पण खाडीकाठच्या पाणखार गावाची वाट अजून पाण्यातूनच जायची. बिट्रिस आणि तिचा धाकटा भाऊ ऑस्वल्ड मुंबईच्या शाळेत शिकायचे. नाताळची सुट्टी लागली की ठाण्यापर्यंत आगगाडी, पुढे होडी, आणि होडीतून उतरलं की आजोबांचं घर! गावात ख्रिस्ती वाडी आणि आगरी आळी शेजारीशेजारी होत्या. सगुणा आणि तिचा थोरला भाऊ आनंदा आगरी आळीतले, पण राहायला गावाबाहेर, खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खोलगट जमिनीच्या, बांधावर. कारण त्यांचा बाप विश्राम उघाडीवाला होता.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं लाकडी दार. पावसाळ्यात शेतावरून वाहत आलेलं गोडं पाणी खाजणात साठायचं. दिवाळी सरली की विश्राम उघाडीची फळी खाली सोडायचा, तिच्या फटींत चिखल आणि पेंढा ठासून भरायचा, आणि ते पाणी थेट होळीपर्यंत राखायचा. त्या पाण्यावर गावची जनावरं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जगायची. त्याच पाण्यात जिताडे, मोठाले चविष्ट मासे, पोसायचे, आणि होळीला खाजण रिकामं केलं की दर घराला त्यांचा वाटा मिळायचा. तोवर तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, दगड मारायचा नाही, अशी गावाची रीतच होती. म्हणून तर थंडीत तिथे पाखरांची जत्रा भरायची.

नाताळचा आदला दिवस हा मुलांचा पाखरं बघण्याचा ठरलेला दिवस. सकाळी निघायचं ते सूर्य बुडेपर्यंत बांधावर. आनंदाने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली होती. ऑस्वल्डच्या दोन्ही खिशांत मामीने सणासाठी तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, होते, आणि ते त्याने विचारून घेतले होते असं कुणीही म्हणणार नाही. मुख्य बेत होता चक्रवाकांचा. शाळेच्या पुस्तकात चक्रवाक, गावात ब्राह्मणी बदकं. भगव्या रंगाची, जोडीजोडीने पोहणारी, आणि माणसाची चाहूल लागली की उठणारी.

सगुणा पुढे होती. बांधावर चढून तिने दुर्बीण डोळ्याला लावली, आणि तशीच उभी राहिली.

"किती आहेत गं?" ऑस्वल्डने खालूनच विचारलं.

सगुणेने दुर्बीण खाली घेतली. "पाणी कुठाय?" ती म्हणाली.

खरंच पाणी नव्हतं. जिथे कालपर्यंत छातीइतकं पाणी होतं तिथे चिखल पसरला होता. मधल्या डबक्यात चार शेकाटे लांब पायांनी हिंडत होते, बाकी शुकशुकाट. लांब खाडीवरून भगव्या पाखरांची एक रांग दक्षिणेकडे चालली होती, आणि बघता बघता ती दिसेनाशी झाली.

उघाडीपाशी विश्राम गुडघाभर चिखलात उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता. काल संध्याकाळी त्याने फळी आणि पेंढा स्वतः तपासला होता. मग तो बिट्रिसच्या आजोबांच्या, कॉस्मास आजोबांच्या अंगणात नाताळचा मांडव घालायला गेला. परत आला तेव्हा अंधार पडलेला. पहाटे बघतो तर फळी वर आणि खाजण रितं. दोन ओहोट्यांत सगळं पाणी खाडीत गेलं होतं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. थोड्याच वेळात बांधाचे कारभारी परशुराम पाटील चार माणसं घेऊन आले. पाटील मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा राग पहिला आणि विचार मागून यायचा. ओहोटीच्या वेळी उघाडीवाल्याने बांध सोडायचा नाही ही रीत विश्रामला ठाऊक नव्हती का, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. पेंढा कच्चा भरला होतास की झोपला होतास, असंही विचारलं. तिसऱ्या प्रहरी पारावर गाव बसेल आणि निकाल होईल, एवढं सांगून ते गेले.

निकाल म्हणजे काय ते मुलांना कळत होतं. उघाडी गेली की बांधावरचं घर जायचं. घर गेलं की सगुणा जायची.

"बाबांनी कच्चं काम केलेलं नाय," सगुणा म्हणाली. रडण्याचं काम तिने आनंदावर सोडलं होतं, आणि तोही डोळ्यांत चिलट गेल्याचं सांगत होता.

"मग पाणी सोडलं कुणी ते आपण शोधू," बिट्रिस म्हणाली. "पार भरायच्या आत."

मुलं कामाला लागली. आनंदा उघाडीच्या तोंडात शिरला आणि पेंढ्याचा एक बुचका घेऊन बाहेर आला. पाण्याने ओढलेला पेंढा पिंजलेला असतो. हा एका रेघेत तुटला होता, म्हणजे कोयत्याने कापलेला! ऑस्वल्डने चिखलात दोन भोकं शोधली, उघाडीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक, खुंट रोवावेत तशी. खुंट म्हणजे जाळं. कुणीतरी फळी उचलून वाहत्या पाण्यात जाळं लावलं होतं. आणि बिट्रिसला फळीच्या फटीत अडकलेला एक खवला सापडला. रुपयाएवढा मोठा, आणि अर्धा काळपट.

"जिताडा," आनंदा म्हणाला. "आणि आपल्याच खाजणातला." हे पाणखारमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. खाडीतला जिताडा चांदीसारखा लखलखीत, तर गोड्या पाण्यात वाढलेल्याची पाठ काळी.

पण गावात मोठा जिताडा कुणाकडे शिजतोय, हे शोधायचं कसं? ऑस्वल्डने सांगितलं की सोपं आहे, घरोघर जाऊन वास घ्यायचा. आगरी आळी सगुणा आणि आनंदाने घ्यायची, ख्रिस्ती वाडी बिट्रिस आणि ऑस्वल्डने, असं ठरलं. नाताळच्या आदल्या दिवशी वाडीत मांस वर्ज्य, तेव्हा प्रत्येक चुलीवर मासाच असणार होता.

ऑस्वल्ड वाडीच्या पुढच्या टोकापासून निघाला. बिट्रिस मागच्या टोकाला गेली, आणि तिथलं पहिलं घर तिचं स्वतःचं होतं.

मागच्या पडवीत मामी पाटावर बसून मासा साफ करत होती. हातभर लांब जिताडा. शेजारच्या केळीच्या पानावर खवल्यांचा ढीग पडला होता, आणि माशाची पाठ काळी होती.

बिट्रिसने मुठीतला खवला पाहिला, पानावरचे पाहिले, आणि मासा कुणी आणला ते विचारलं. मामीने मान वर न करता सांगितलं, तुझ्या मामाने, ठाण्याच्या बाजारातून. एक कल्याणच्या रेल्वे साहेबालाही पाठवलाय सकाळच्या गाडीने, लिओनार्डची नोकरी व्हायचीय ना.

त्या काळी साहेबाकडून काम करून घ्यायचं तर जिताडा पोचवायचा, ही सगळ्या खाडीकाठची पद्धत होती. आणि लिओनार्ड मामा दोन वर्षं कल्याणच्या यार्डातल्या नोकरीसाठी खेटे घालत होता.

लिओनार्ड मामा! बिट्रिसला वल्हवायला त्याने शिकवलं होतं. शिट्टीवर पाखरांचे आवाज काढायला त्यानेच शिकवलं होतं. ती त्याला शोधत विहिरीपाशी गेली आणि तिने मूठ उघडली.

मामाने खवला बघितला आणि तो विहिरीच्या काठावर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. विश्रामला मांडवाला बोलावलं ते खरंच मांडवासाठी. पण बांध मोकळा आहे हे लक्षात आलं तशी त्याची बुद्धी फिरली. एकच जिताडा, साहेबापुरता, असं म्हणून त्याने थोडा पेंढा कापला आणि फळी वीतभर उचलली. दोन जिताडे लागले. मग पाण्याचा जोर वाढला, उरलेला पेंढा सुटला, फळी वर जाऊन तिरकी अडकली, खुंट उपटले आणि नवंकोरं जाळं पाण्याने उघाडीच्या आत ओढून नेलं. मामाने पुष्कळ धडपड केली. मग घाबरून घरी आला आणि मांडव घालणाऱ्या विश्रामसमोरून मान खाली घालून आत गेला.

"मी सांगतो पारावर," तो म्हणाला. "माझ्या तोंडाने सांगतो. तू आधी बोललीस बिट्रिस, तर आजोबांना सणाच्या दिवशी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेवढं माझ्यावर सोड."

त्याचे डोळे भरले होते. बिट्रिसने मान हलवली.

सगुणा वाडीच्या वेशीवर वाट बघत होती. आळीत त्यांना काहीच मिळालं नव्हतं. तिने विचारलं, "तुला काही सापडलं?"

"नाही," बिट्रिस म्हणाली.

तिला वाटलं, आता घटकाभराचा तर प्रश्न आहे. मामा बोलेल आणि सगळं मिटेल. तरी खवला मुठीत टोचत होता, आणि सगुणेने तिचा दुसरा हात धरलेला होता.

तिसऱ्या प्रहरी पार भरला. कॉस्मास आजोबा म्हातारपणामुळे खुर्चीवर, बाकी सगळे खाली. मुली एका कडेला, एकमेकींना चिकटून. आनंदाने कापलेला पेंढा पुढे नेऊन दाखवला, पण मोठ्यांत बोलू नकोस म्हणून पाटलांनी त्याला गप्प बसवलं.

"बांध सोडून गेला होतास की नाही, एवढंच सांग," त्यांनी विश्रामला विचारलं.

"गेलेलो," विश्राम म्हणाला. कुणाच्या सांगण्यावरून गेलो, ते तो बोलला नाही. ज्याच्या अंगणात मांडव घातला त्याच्यावर पारावर बोट दाखवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

बिट्रिसने मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होता. आता बोलेल, मग बोलेल. त्याने एकदा घसा साफ केला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, पण तो खोकला निघाला. तिने उठायचं ठरवलं. पण ती उठली नाही.

पाटलांनी विचारलं, रात्री झोपला होतास ना? तेव्हा विश्रामने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने खांद्यावरचा लोखंडी आकडा, फळी उचलण्याचा, खाली पारावर ठेवला आणि तो चालू लागला. सगुणा बिट्रिसचा हात सोडून त्याच्या मागे पळाली.

हात सुटला आणि बिट्रिसला कंठ फुटला. शेजारी बसलेल्या आनंदाच्या आणि ऑस्वल्डच्या कानात तिने सगळं सांगितलं. आनंदाचा चेहरा लाल झाला. तो ओरडायलाच उठत होता, पण आपला ऑस्वल्ड, एरवी ज्याला फुग्यांपलीकडे काही सुचत नाही, त्याने आनंदाला खाली ओढलं. पोरांचं कोण ऐकणार? मामा नाही म्हणाला की संपलं. "त्याचं जाळं उघाडीत अडकलंय असं त्याला वाटतंय ना? मग तो स्वतःच बोलेल," तो कुजबुजला.

तो मागच्या मागे सटकला, आणि थोड्या वेळाने धापा टाकत समोरून आला. "पाटीलमामा, पाटीलमामा! उघाडीत जाळं सापडलं! नवं आहे, शिशाच्या गोळ्यांचं! फळीत गुंतलंय म्हणून पोरं कोयत्याने कापताहेत!"

"अरे, कापू नका, परवाच विणून आणलंय मी—"

लिओनार्ड मामा अर्धा उठलेला होता. तो तसाच राहिला. पारावरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. उघाडीपाशी अर्थातच कुणीही नव्हतं, आणि कोयता तर विश्रामच्या घरात खुंटीला होता.

कॉस्मास आजोबा खुर्चीतून उठले. त्यांना उठायला बराच वेळ लागला, आणि कुणी हात द्यायला पुढे आलं नाही. "सगळं सांग, लिओनार्ड," ते म्हणाले. "उभा राहून सांग."

मामाने सांगितलं. आता सांगून काय उपयोग, असं बिट्रिसला वाटत राहिलं.

मग मात्र कौतुकाला भरती आली! पाटलांनी ऑस्वल्डला उचलून पारावर उभं केलं, आनंदाचा कापलेला पेंढा आता हातोहात फिरला, आणि बिट्रिसच्या डोक्यावर हात ठेवून पाटील म्हणाले की अशी डोळस पोरं गावात आहेत म्हणून गावाची लाज राहिली. बिट्रिसला त्या हाताखालून निसटून जावंसं वाटलं.

आकडा घेऊन सगळे बांधावर गेले. विश्रामच्या घरापुढे होडी लागलेली होती आणि तिच्यात भांडी, दोन गोधड्या आणि कोंबड्यांचं खुराडं चढलं होतं. पाटलांनी हात जोडले. चूक झाली म्हणाले, आकडा पुढे केला, आजोबांनीही घरातर्फे माफी मागितली. विश्रामने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"बापापासून पाणी राखलंय आम्ही, पाटील. आज तुम्ही विचारलंत, झोपलेलास का. पाणी कुणी सोडलं असेल, ते एकानेही विचारलं नाय. पोरांनी विचारलं तेवढंच." मग तो म्हणाला, "पुन्हा काही झालं की माझ्याकडेच बघाल. आंबिवलीला मेहुण्याची शेती आहे. तिथे माती राखीन."

आजोबांनी पुष्कळ समजावलं. काही चुकलेल्या गोष्टी बोलून दुरुस्त होत नाहीत, हे त्यांनाही दिसत होतं. आनंदा होडीत चढला तेव्हा ऑस्वल्डने दोन्ही खिशांतले उरलेले फुगे त्याच्या ओंजळीत रिकामे केले.

सगुणेच्या गळ्यात सकाळपासून दुर्बीण होती. ती काढून तिने बिट्रिसच्या हातात दिली.

"मामाचं तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

आता खोटं बोलता आलं असतं. पण दुपारी बोललेलं एक खोटं बिट्रिसला पुरे झालं होतं. "दुपारी. पार भरायच्या आधी. मामा म्हणाला, तो सांगेल."

सगुणा तिच्याकडे बघत राहिली. "मी तुझा हात धरून बसलेले ना गं तेव्हा," ती म्हणाली, आणि होडीत जाऊन बसली. होडी वळणाआड जाईपर्यंत तिची पाठच दिसत होती.

त्या नाताळला घरात जिताडा कुणाच्या घशाखाली उतरला नाही. कल्याणचा साहेब सणासाठी आधीच मुंबईला गेला होता आणि त्याचा जिताडा बंगल्यावरच्या शिपायाने खाल्ला, हे मागून कळलं. लिओनार्ड मामाला पुढल्या होळीपर्यंत बांधावर बिनपैशाने राबण्याची शिक्षा झाली. त्याने ती मुकाट्याने भोगली. बिट्रिसशी बोलताना तो नजर चुकवायचा, आणि तीही.

पुढल्या उधाणाला गावाने खाडीचं पाणी खाजणात घेतलं. ते खारं होतं, जनावरांच्या कामाचं नव्हतं, पण पाखरांना चाललं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ऑस्वल्ड धावत आला. चक्रवाक आलेत म्हणाला! सगळ्यांबरोबर बिट्रिसही बांधावर गेली. पाटील पाहुण्यांना सांगत होते, हीच ती मुलं, ह्यांच्यामुळे पाखरं परत आली.

तिने दुर्बीण डोळ्याला लावली. पाण्यावर नुसते भगवे डाग हलत होते, धुक्यातून बघावेत तसे. नळी अजून काट्याने ओढलेल्या रेघेवरच होती. आत ढकलायचा अवकाश, की एकेक पीस दिसलं असतं.

"किती आहेत गं?" ऑस्वल्डने विचारलं.

"तू मोज," बिट्रिस म्हणाली, आणि नळीला धक्का लागू न देता तिने दुर्बीण कापडात गुंडाळून ठेवली.